आचारी, आचार्य आणि मजकुराचा संपादक

'संपादक' हा शब्द उच्चारला की मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यापुढे श्री. पु. भागवत किंवा राम पटवर्धन उभे राहतात. संगणकाच्या जगात मात्र याच नावाने एक आज्ञावली ओळखली जाते. प्रोग्रॅम लिहिणारे लोक जिच्यात आपला कोड लिहितात, तो कोड एडिटर. त्यात अक्षरांचा आकार, ठसा, रंग यांपैकी काहीही जतन होत नाही. फक्त चिन्हांची एक सलग रांग जतन होते. साहित्याच्या माणसाला या वस्तूशी काय कर्तव्य, असे वाटणे स्वाभाविक आहे. आमचे मत असे की मराठीत गंभीरपणे लिहिणाऱ्या, विशेषतः जुने पाठ, शब्दसंग्रह, कोश यांवर काम करणाऱ्या माणसाने हा एडिटर निवडणे हा पाठचिकित्सेचाच एक भाग आहे. आणि कार्यप्रणाली बदलण्याची वेळ येते तेव्हा हे प्रथम ध्यानात येते.

आमच्यावर ती वेळ आली ती मायक्रोसॉफ्टच्या एका निर्णयामुळे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. विंडोज ११ ला जी सुरक्षा-चिप लागते, ती जुन्या यंत्रांत नसते. उरवड्यात आमच्याकडे असलेली दोन्ही यंत्रे त्याच वयाची. ती भंगारात काढण्याऐवजी आम्ही त्यांवर लिनक्स बसवले. येथवरची कथा शेकडो घरांतली आहे, तेव्हा ती लांबवत नाही. आमच्या त्या यंत्रांवर मुळशी खोऱ्यातल्या भातशेतीच्या शब्दांचा संग्रह आहे : खाचर, राब, आवणी, इरले आणि असेच आणखी बरेच काही. विंडोजवर हे सारे काम आम्ही नोटपॅड प्लस-प्लस या एडिटरात करत असू. तो विंडोजपुरताच आहे. म्हणजे नवा एडिटर निवडणे भाग होते.

ज्या धारिका युनिकोडमध्ये होत्या त्या लिनक्सवर जशाच्या तशा उघडल्या. जुन्या, म्हणजे युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेल्या धारिका उघडल्या तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, स्वरचिन्हे ल्यालेली युरोपीय अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा खच दिसला. हे का होते ते साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा नीट समजून घ्यावे. १९९० च्या दशकात आणि पुढेही बराच काळ श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण अशा टंकांत मराठी लिहिली गेली. त्या धारिकेत 'क' नावाचे काही नसते. तेथे एखादे रोमन अक्षर असते आणि त्या रोमन अक्षराच्या घरात टंककाराने 'क'चे चित्र बसवलेले असते. काही टंकांत तर 'ग' म्हणजे गाठीचे एक चित्र आणि पुढे उभ्या दंडाचे दुसरे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. प्रत्येक टंकाची ही वाटणी निराळी. टंक हरवला की मजकूर हरवला.

यापेक्षा चांगली वाट उपलब्ध नव्हती असे नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही सामाईक संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली होती. युनिकोडमधील देवनागरीचा विभागही इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे. सी-डॅकसारखी संस्था पुण्यातच होती. पण छपाईचा व्यवहार पेजमेकरवर चालत होता, पेजमेकरला युनिकोडची देवनागरी कधीच आली नाही, आणि लेखकाला कागदावर छापलेले पान हवे होते, धारिकेच्या पोटात काय आहे याची चौकशी त्याने केली नाही.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पंथाबाहेरच्या अभ्यासकांना ते शतकानुशतके वाचता आले नाहीत, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा पुढे ठेवला तेव्हा आरंभीच्या मराठी गद्याचे एक दालन खुले झाले. महानुभावांनी हे समजून-उमजून केले होते. त्यांना आपला धर्मग्रंथ राखायचा होता. आपल्या पिढीने दोन-तीन दशकांचे मराठी लेखन गुप्त लिपीत लिहिले ते कोणतेही गुपित नसताना. लेखकांच्या घरोघरी पडलेल्या चकत्यांवर आणि जुन्या हार्ड डिस्कवर अशा किती पोथ्या असतील याची कल्पना करावी.

असो. एडिटरकडे येऊ.

प्रोग्रॅमर मंडळींत एडिटरांवरून जे वाद चालतात त्यांना सांप्रदायिक कलहाचा रंग असतो. एका बाजूस विम : ब्राम मोलेनार या डच गृहस्थाने १९९१ साली प्रथम प्रसृत केलेला आणि २०२३ साली मृत्यू येईपर्यंत सांभाळलेला. दुसऱ्या बाजूस ईमॅक्स, ज्याचे मूळ १९७६ पर्यंत जाते आणि ज्याच्यामागे रिचर्ड स्टॉलमन यांची मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी आहे. या दोघांना म्हातारे समजणारा तरुण वर्ग व्हीएस कोडकडे जातो. तो मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणला. शिवाय केट, जीएडिट, जीनी इत्यादी. या वादांत वेग, आज्ञांची संख्या, जोडण्या यांची तुलना असते. देवनागरीचा प्रश्न त्यांत येत नाही, कारण वाद घालणारे मराठी भाषक असले तरी ते कोड इंग्रजीत लिहितात. म्हणून आम्ही आपली कसोटी आपणच तयार केली. एक छोटी धारिका, तिच्यात मोजकेच शब्द. त्यांतला पहिला शब्द शालेय व्याकरणाच्या पुस्तकांतून आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे.

'आचाऱ्यास दक्षिणा द्या' आणि 'आचार्यास दक्षिणा द्या'. पहिल्या वाक्यात दक्षिणा स्वयंपाक्याला मिळते, दुसऱ्यात गुरूला. फरक आहे तो 'र'च्या रूपाचा. एकीकडे डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा अर्धा र, दुसरीकडे डोक्यावरचा रफार. 'दऱ्या' आणि 'दर्या' ही अशीच जोडी. आमच्या संग्रहात तर ती पावलोपावली भेटते, कारण मुळशी हा दऱ्यांचाच मुलूख आहे. हा पापणीतला र मराठीत रोजच्या वापराचा, तर हिंदीला त्याची गरज पडत नाही. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला 'ऱ' वेगळे अक्षर म्हणून घ्यावा आणि त्याला हलन्त जोडावा. दुसरा, साधा 'र' घ्यावा, हलन्त जोडावा आणि त्यापुढे एक अदृश्य चिन्ह ठेवावे, ज्याला शून्य रुंदीचा सांधा म्हणता येईल. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. धारिकेत ती वेगळी असतात. संगणकावर मराठी लिहिण्याची साधने जसजशी निघाली तसतसा कुणी पहिला मार्ग धरला, कुणी दुसरा, आणि लेखकाला आपण कोणत्या मार्गाने चाललो आहोत हे कळायचे कारणच नव्हते.

आता या अदृश्य चिन्हाचे भवितव्य पाहा. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी मजकूर नेताना 'अनावश्यक अदृश्य चिन्हे' काढून टाकणाऱ्या आज्ञावल्या असतात. इंग्रजी मजकुरात हे चिन्ह बहुधा कचराच असतो, तेव्हा त्यांचा हेतू चांगलाच म्हणायचा. मराठीत मात्र तो सांधा निघाला की आचारी क्षणात आचार्य होतो आणि दऱ्या दर्यात बुडतात. शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली येथे मदत करत नाही. दोन्ही शब्द शुद्ध आहेत. एका छापखान्यातून परत आलेल्या आमच्या मुद्रितात 'खोऱ्यात'चे 'खोर्यात' सर्वत्र झाले होते ते याच रीतीने. सुदैवाने 'खोर्यात' असा शब्द नाही, म्हणून ते दिसले. हस्तलिखितांची नक्कल करणाऱ्या लेखकूंच्या चुकांचा अभ्यास आपण आवडीने करतो : ओळ गळणे, सारख्या शब्दावरून डोळा घसरणे, परिचित शब्द अपरिचिताच्या जागी बसवणे. संगणक हा नवा लेखकू आहे. त्याच्या चुकांना नियम आहेत, आणि त्या ओळखायच्या तर आपल्या एडिटरने ते अदृश्य चिन्ह आपल्याला दाखवले पाहिजे.

या कसोटीवर विमची एक गंमत झाली. विम सामान्यतः टर्मिनलमध्ये चालतो. टर्मिनलचा सारा संसार चौकटीच्या वहीसारखा : प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीचे घर. रोमन अक्षरे त्यात सुखाने राहतात. देवनागरीची जोडाक्षरे मावत नाहीत; वेलांट्या सुटतात, 'कर्तृत्व' सारखा शब्द पुष्कळ टर्मिनलांत विस्कटतो. वाचण्यासाठी हे साधन निरुपयोगी, असे आम्ही ठरवलेच होते. पण आमच्या विमने तो अदृश्य सांधा लपवला नाही. कोनी कंसात त्याचा युनिकोड-क्रमांकच छापून दाखवला. दुसरे एडिटर जे सुंदर करून झाकत होते, ते याने कुरूप करून उघडे केले. पाठचिकित्सकाला असा सहकारी हवाच असतो, रोज सोबत घेऊन बसण्याजोगा तो नसला तरी.

विम रोजच्या कामाला न घेण्याचे दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. विममध्ये लिहिण्याची अवस्था वेगळी आणि आज्ञा देण्याची वेगळी. आज्ञा रोमन अक्षरांच्या. आपला कळफलक देवनागरीवर असताना ओळ पुसण्याची आज्ञा द्यावी, तर विमला मिळतात देवनागरी अक्षरे, आणि तो गप्प बसतो. दर दोन वाक्यांनी कळफलक बदलत राहायचे. यावर तोड आहे, पण तीही आपणच बसवायची.

व्हीएस कोडमध्ये देवनागरी दिसते उत्तम, कारण त्याच्या पोटात ब्राउझरचेच यंत्र आहे. तेथे निराळीच अडचण. ओळ कोठे मोडायची हे ठरवताना तो, मूळ मांडणीत, सर्व अक्षरे सारख्या रुंदीची आहेत असे गृहीत धरतो. कोडसाठी ते रास्त आहे. मराठी परिच्छेदाचा हिशोब मात्र चुकतो आणि ओळींची टोके कडेबाहेर किंवा कडेच्या फार अलीकडे पडतात. एक मांडणी बदलली की हे सुटते. ज्याला ती मांडणी ठाऊक नाही तो मराठीलाच दोष देतो, हे आम्ही ऐकले आहे.

यापुढचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : एडिटर 'अक्षर' कशाला म्हणतो? 'क्षि' हे तुमच्या-आमच्या दृष्टीने एक अक्षर. धारिकेत ती चार चिन्हे आहेत : क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. बाणाची कळ एकदा दाबली तर कर्सर कोठे जावा? अक्षराच्या पलीकडे, की त्याच्या पोटात? मागची खूण पुसणारी बॅकस्पेसची कळ दाबली तर वेलांटी जावी, की सगळे 'क्षि' जावे? अनेक एडिटरांनी एक शहाणी तडजोड केलेली आहे. कर्सर अख्ख्या गटावरून उडी मारतो, पुढचे पुसणारी डिलीटची कळ अख्खा गट पुसते, बॅकस्पेस मात्र शेवटचे एकच चिन्ह पुसते. लिहिताना वेलांटी चुकली तर केवळ वेलांटीच दुरुस्त करता यावी, ही त्यामागची दृष्टी. ती ज्याला सुचली त्याने भारतीय लिपीत प्रत्यक्ष लिहिलेले असणार. पण 'गट' म्हणजे काय, याची युनिकोडची व्याख्या दीर्घकाळ अशी होती की 'क्षि'चे 'क्' आणि 'षि' असे दोन तुकडे पडत. जोडाक्षर हा एकच गट मानावा, हा नियम देवनागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू आदी लिप्यांपुरता युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत आला, म्हणजे २०२३ साली. प्रातिशाख्यांच्या काळापासून आपल्याकडे अक्षर आणि वर्ण यांचा भेद चर्चिला गेला आहे, आणि संगणकाच्या मानकाला तो मान्य व्हायला २०२३ उजाडावे लागले. यात कुणाचा कुत्सितपणा नाही. सांगणारे कमी पडले, एवढेच. ते सांगण्याचे काम भाषेच्या विभागांचे होते असे आम्हाला वाटते.

शोध ही पुढची पायरी. शब्दसंग्रहावर काम करणाऱ्याला 'अमुकने सुरू होणारे आणि तमुकने संपणारे सर्व शब्द' असे नमुन्याने शोधावे लागते. कोड एडिटर घ्यायचा तो मुख्यतः यासाठी. अशा शोधात 'शब्दातील कोणतेही अक्षर' यासाठी एक संक्षिप्त खूण आहे. विममध्ये तिचा अर्थ केवळ रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा. देवनागरी तिच्या हिशोबी नाहीच. पायथन या भाषेच्या मूळ शोधसंचात देवनागरी व्यंजने आणि स्वर यांना प्रवेश आहे, पण काना, मात्रा, वेलांटी यांना नाही. परिणाम असा की 'खाचर' शोधायला जावे, तर यंत्राला 'ख' आणि 'चर' असे दोन शब्द दिसतात. 'भात'चे 'भ' आणि 'त' होतात. एखाद्या विद्यार्थ्याने या साधनाने मराठी कवितासंग्रहाची शब्दवारंवारता काढली आणि तिच्यावर प्रबंधाचे प्रकरण उभारले, तर ते प्रकरण कशाबद्दल असेल? संगणकीय पद्धतींचा उत्साह आता मराठी विभागांतही आला आहे, आणि त्याचे आम्ही स्वागतच करतो. म्हणूनच हे अधिक निकडीचे.

आम्ही शेवटी काय निवडले ते सांगतो. रोजच्या लेखनासाठी केट. तो केडीई या मुक्त प्रकल्पातला. देवनागरी नीट मांडतो, ओळी नीट मोडतो, आज्ञांसाठी कळफलक बदलायला लावत नाही, आणि उद्या कुणी पुन्हा विंडोजकडे गेले तर तेथेही तो मिळतो. पाठ तपासण्यासाठी ईमॅक्स. त्यात कोणत्याही अक्षरावर कर्सर ठेवून एक आज्ञा दिली की त्या अक्षरात कोणकोणती चिन्हे दडली आहेत त्यांची नावानिशी जंत्री मिळते. सांधा असेल तर सांधा, नुक्ता असेल तर नुक्ता. ईमॅक्सची दुसरी थोरवी अशी की त्याचा कळफलक त्याच्याबरोबर प्रवास करतो. इनस्क्रिप्ट आणि रोमन उच्चारानुसारी अशा दोन्ही पद्धती त्याच्या पोटातच आहेत. खालची कार्यप्रणाली कोणतीही असो, बोटांना नवे शिकावे लागत नाही. या बहुभाषिकतेचे मूळ जपानमध्ये केनइची हांदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामात आहे. ते १९९७ साली ईमॅक्सच्या विसाव्या आवृत्तीत मुख्य प्रवाहात आले. ईमॅक्स शिकायला कठीण आहे, हे मात्र खरे. प्रत्येक विद्यार्थ्याने तो शिकावा असा आमचा आग्रह नाही. प्रत्येक विभागात एकाला तो यावा, असा आहे.

टंकाचाही प्रश्न होता. विंडोजवर डोळ्यांना सवय झालेला मंगल हा टंक र. कृ. जोशी यांनी घडवलेला, म्हणजे एका मराठी कवीचे आणि सुलेखनकाराचे हस्ताक्षरच जणू लाखो पडद्यांवर वावरत होते. तो मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा असल्याने लिनक्सबरोबर येत नाही. लिनक्सबरोबर येणारा लोहित रेड हॅटने मुक्त केला, पण तो मुळात दिला श्रीलिपीच्याच पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकने. ज्या घराण्याच्या जुन्या टंकांनी आमच्या धारिका गुप्त केल्या, त्याच घरचा टंक आता युनिकोडात त्या वाचायला कामी येतो. आम्ही सध्या मुंबईच्या एक टाइपचा मुक्त टंक, मुक्त, वापरतो. दीर्घ वाचनाला तो डोळ्यांना निवांत वाटतो.

या सगळ्यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. साहित्याच्या माणसाला वर्ड किंवा लिबरऑफिस पुरेसे आहे. त्याने पोटातली चिन्हे का मोजावीत? निबंध, पत्र, कथा लिहायची असेल तर पुरेसे आहे, यात शंका नाही. पण भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्यांना शारदा किंवा ग्रंथ लिपीतली कोणती दोन अक्षरे एकमेकांसारखी दिसतात हे ठाऊक असावे लागे. ते ज्ञान लेखनिकाचे म्हणून सुखटणकरांनी दूर ठेवले नव्हते. ज्याला आजच्या संहितेवर काम करायचे आहे त्याला आजच्या लिपीचे पोट ठाऊक असावे लागेल.

आमचे जुने काम अजून संपलेले नाही. युनिकोडपूर्व धारिका रूपांतरित करणाऱ्या आज्ञावल्या मिळतात आणि त्या नव्वद टक्के काम झटपट करतात, असे त्यांच्याकडे पाहून वाटते. उरलेले रफार, वेलांट्या आणि पापणीतले र हाताने तपासावे लागतात. शिवाय 'ॲ'चा घोळ आहेच. हे अक्षर स्वतंत्र चिन्ह म्हणून युनिकोडात २००८ साली आले. त्यापूर्वीचे लोक 'अ'वर चंद्र ठेवून ते लिहीत, आणि आजही पुष्कळ लिहितात. ही दोन रूपे युनिकोडच्या नियमांनुसार समान नाहीत. म्हणून 'ॲरिस्टॉटल' शोधणाऱ्याला 'अॅरिस्टॉटल' मिळत नाही. आम्ही नव्या नोंदी २००८ च्या चिन्हाने करतो. इतरांच्या लेखनातून घेतलेल्या उताऱ्यांत त्यांचे रूप तसेच ठेवतो, आणि त्या नोंदीपुढे एक खूण करतो. सांध्याने लिहिलेल्या पापणीतल्या र साठीही तीच रीत ठेवली आहे. खुणांची यादी संग्रहाच्या पहिल्याच धारिकेत, साध्या मजकुरात, लिहून ठेवली आहे.